लोणारनगरीत आपले स्वागत

अध्यक्षमहोदय, मान्यवर पाहुणे आणि दूरदूरहून आलेल्या संशोधक बंधुभगिनींनो,



विष्णूने लवणासुराचा वध इथेच केला, असे आमचे वाडवडील सांगत आले. दैत्यसूदनाचे देऊळ त्याच कथेचे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या विवरातील सरोवराची नोंद केली. २०२० मध्ये ते रामसर यादीत गेले. हे आपण वाचलेच असेल. मला मात्र आज या सरोवरातून खार काढणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. काच आणि साबणाला लागणारा माल लोणारला मिळतो, हे ‘ऐन-इ-अकबरी’त नमूद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की खार हाती लागे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी होई. सरकारजमा महसूल झाला तो या मजुरांच्या घामातून. अलेक्झांडरसाहेबांचे नाव प्रत्येक माहितीपुस्तकात आहे, या माणसांपैकी एकाचेही नाही. विवरात उतरणाऱ्या वाटेवर त्यांच्या स्मरणार्थ एक फलक लागावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आपल्यासमोर मांडतो.

त्याच खाऱ्या पाण्यात आपल्या परिषदेचे नायक, म्हणजे सूक्ष्मजीव, राहतात. सरोवराला हिरवा रंग देणारे स्पिरुलिनासारखे नीलहरित जीवाणू उजेड कमी पडला की फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य वाढवतात. ऊन प्रखर झाले की ते घटवून कॅरोटिनॉइडचे कवच धरतात. जांभळे जीवाणू तर आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर जगतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते मात्र मीठप्रिय आर्कियांमुळे. याहून अधिक बोलण्याचा अधिकार आपला.

आता व्यवस्थेविषयी. गाव लहान, लॉज मोजकेच. म्हणून काही पाहुण्यांची सोय शाळेच्या वर्गांत आणि गावकऱ्यांच्या घरी केली आहे. आंघोळीचे गरम पाणी वेळेवर मिळाले नाही, रात्री वीज गेली, तर कृपया सांभाळून घ्या आणि आमच्या स्वयंसेवकांना हाक मारा. मंडपाचा खर्च बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी उचलला. ज्वारी, तूर, भाजीपाला शेतकऱ्यांनी घरचा दिला. बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून भाकरी थापत आहेत. गाद्या देणारे मंगल कार्यालय, टँकर पाठवणारे शेजारचे गाव, खुर्च्या वाहणारी महाविद्यालयीन मुले, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असल्यास राग मानू नये.

उद्या सकाळी विवरात उतरताना पाण्याची बाटली आणि टोपी जवळ असू द्या. नमुने घ्यायचे असतील त्यांनी वनखात्याची परवानगी आधी दाखवावी.

अध्यक्षांनी उद्घाटन करावे, ही विनंती.