शाळा संपते तिथून पुढे



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. पौगंडावस्थेतल्या मुलांची विनोदी मालिका लोकांना आवडते आणि लगेच विचारणा होते, 'याचा सिनेमा करू या का?' तो करताना लेखकाने नेमकं काय करायचं असतं?

उदाहरण ब्रिटनचं घेते, कारण तिथे एकाच मालिकेवरून दोन सिनेमे झाले आणि त्या दोघांत शिकण्यासारखा फरक आहे. 'द इनबिटवीनर्स' ही मालिका २००८ ते २०१० या काळात ई-फोर वाहिनीवर झाली. तीन पर्वं, अठरा भाग. लेखक दोघं : डेमन बीझ्ली आणि इयन मॉरिस. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर महागड्या खासगी शाळेतून सरकारी शाळेत आलेला विल आणि त्याच्याशी नाइलाजाने जमवून घेणारे सायमन, जे आणि नील. हुशारांत यांना जागा नाही, टग्यांतही नाही. दर भागात काहीतरी मोठं करून दाखवायला निघतात, तोंडघशी पडतात आणि पुढच्या भागात पुन्हा होते तिथेच. सायमनच्या छोट्या पिवळ्या फियाटचं एक दार तुटतं, त्या जागी लाल दार बसवतात आणि ते तसंच राहतं. मुलं मात्र बदलत नाहीत. मालिकेचा विनोद त्यावरच उभा आहे.

सिनेमा आला २०११ मध्ये. दिग्दर्शक बेन पामर, दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वाचेच. खर्च सुमारे ३५ लाख पौंड. एकट्या ब्रिटनमध्ये गल्ला सुमारे साडेचार कोटी पौंडांचा. हा आकडा निर्मात्यांच्या लक्षात राहतो. आपण पटकथेकडे पाहू.

कथानक तसं मळलेल्या वाटेचं. मालिकेतल्या मंडळींना परदेशी सहलीला धाडायचं, ही ब्रिटनमधली जुनी युक्ती. 'आर यू बीइंग सर्व्ड?'च्या १९७७ च्या सिनेमात दुकानातले सगळे कर्मचारी स्पेनला जातात. २००० च्या 'केविन अँड पेरी गो लार्ज'मध्ये दोन पोरं इबिझा गाठतात. आपले हे चौघंही क्रीट बेटावरच्या मालियाला जातात. पण लेखकांनी सहल ठेवली आहे शाळा संपल्यावर, आणि सगळा फरक तिथेच पडतो. ज्यांच्या धाकात ही मुलं वावरली, ते गिल्बर्ट सर सुरुवातीलाच निरोपाचं भाषण करतात. तो धाक गेला की मुलांना स्वतःच्या वागण्याची सबब उरत नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. पहिल्याच रात्री एका ओस पडलेल्या बारमध्ये चौघांना चार मुली दिसतात आणि हे चौघं रिकाम्या फरशीवरून, अवघडलेल्या अंगाने नाचत नाचत त्यांच्या दिशेने सरकतात. मालिकेत असा प्रसंग फजितीवर संपला असता. इथे त्या मुली बोलत्या होतात, उलट उत्तरं देतात आणि शेवटपर्यंत गोष्टीत राहतात. जेकडे पाहा. अठरा भाग त्याने थापांवर काढले. त्या चौघींतली जेन त्याला मनापासून आवडते, पण ती अंगाने भरलेली आहे आणि लोक हसतील म्हणून तो तिच्यापासून दूर पळतो. पुढे तो तिच्याकडे परत येतो. आपल्या थापा कोणत्या भीतीतून येतात, हे त्याला पहिल्यांदाच कळतं, आणि आपल्यालाही. विनोद कमी झालेला नाही, त्याच्याखाली जमीन आली आहे.

याला तांत्रिक कारणही आहे. दुसऱ्याची लाज पाहून येणारं हसू पंचवीस मिनिटं पुरतं. दीड तास तेच चाललं तर प्रेक्षक थकतो, मग त्याला त्या मुलांची कीव येते आणि शेवटी कंटाळा. म्हणून चार भाग एकापुढे एक जोडून सिनेमा होत नाही. मध्ये कुठेतरी माया यावी लागते.

आता २०१४ चा दुसरा सिनेमा. या वेळी दिग्दर्शनही लेखकांनीच केलं आणि चौघं ऑस्ट्रेलियात गेले. पण मुलं मोठी झाली तर जुना विनोद कसा चालणार? म्हणून पहिल्या सिनेमाने कमावलेलं मोडीत काढलं. पहिल्या सिनेमात सायमनशी जुळलेली समजूतदार, हळवी लुसी इथे त्याला छळणारी संशयी प्रेयसी झाली. जे आणि जेन वेगळे झाले. जे सिडनीतून मित्रांना पुन्हा थापा कळवतो. तो जेनला शोधायलाच तिकडे गेला होता, हे पुढे समजतं, तेवढा धागा खरा आहे. पण लुसीवर अन्याय झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. नायकाला जागेवर ठेवण्यासाठी दुसऱ्या माणसाचा स्वभाव मोडायचा, हे लेखकाने करू नये.

आपल्याकडे दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ १९७९ मध्ये पडद्यावर आले, तेव्हा ही अडचण नव्हती. चिमणराव हे संसारी गृहस्थ. ते वर्षानुवर्षं तसेच राहिले तरी कुणी हरकत घेत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला मात्र तसं ठेवता येत नाही. त्याच्या मिशा येतात, निकाल लागतो, मित्र दुसऱ्या गावी जातात. आणि मालिका चालेपर्यंत नटही थोराड होतात. पहिल्या सिनेमाच्या वेळी विलचं काम करणारा सायमन बर्ड २७ च्या घरात होता.

दुपारच्या सत्रात आपण एकमेकांच्या पटकथा वाचणार आहोत. ज्यांनी मालिकेवरून सिनेमा लिहायला घेतला आहे, त्यांना माझी विनंती आहे : स्थळ, गाणी आणि पाहुणे कलाकार यांची चर्चा संध्याकाळवर ठेवू या. आधी मालिकेचा शेवटचा प्रसंग आणि सिनेमाचा शेवटचा प्रसंग, दोन्ही लागोपाठ वाचून दाखवा. मी पहिल्या रांगेत ऐकायला बसते.