वाट देण्यात कमीपणा कसला ?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात महाड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात भाषण करावयाचे म्हणजे विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह, वधूवर-सूचन हे विषय ठरल्यासारखेच असतात. या वर्षी कार्यकारी मंडळाने आम्हांस मोटारी हाकणाऱ्यांविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा काही वडीलधाऱ्यांस नवल वाटले. परंतु आपल्या मंडळींचे केवढे तरी आयुष्य मुंबई आणि गाव यांमधील रस्त्यावर खर्ची पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे नवल उरत नाही. गणपती आले की निघा, शिमगा आला की निघा, मे महिन्यात मुलाबाळांसह निघा, आणि मधूनमधून सोयरसुतकासाठी रातोरात निघा. पूर्वी एस्. टी. ची लाल गाडी हाच सर्वांचा आधार होता. आता दारोदार मोटारसायकल आणि पुष्कळ दारी मोटार उभी आहे. ही भरभराट कष्टाची आहे आणि तिचा आम्हांस अभिमान वाटतो. मात्र गाडीबरोबर एक नवाच अहंकारही घरात शिरला आहे, त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

घरात शांत, मितभाषी, थोरांसमोर मान वर न करणारा मनुष्य चाकामागे बसला की निराळाच होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मागून कोणी भोंगा वाजविला की त्यास तो आपला अपमान वाटतो. कोणी पुढे निघून गेला की जणू पंगतीत आपले पान मागे सारले गेले. मग त्यास गाठावयाचे, आडवे जावयाचे, काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावयाचा ! महाडच्या बाजारपेठेतील अरुंद रस्त्यावर, समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकही मागे न घेतल्यामुळे सगळी वाहतूक खोळंबलेली आम्ही किती तरी वेळा पाहिली आहे. दोघांसही घाई असते, आणि दोघेही अर्धा तास तेथेच असतात.

या घाईचा हिशेब एकदा मांडून पाहावा. महाडपासून पोलादपूर सुमारे अठरा किलोमीटर. ताशी ५० च्या वेगाने गेल्यास साडेएकवीस मिनिटे लागतात, ६० च्या वेगाने गेल्यास अठरा. म्हणजे जीव मुठीत धरून, समोरून येणाऱ्या टँकरला हूल देत पुढे जाणारा शूर पुरुष पोलादपुरास पोहोचतो तो साडेतीन मिनिटे आधी. तेवढ्यात स्टँडवरचा चहासुद्धा धड उकळत नाही.

त्यातून आपला मुलूख डोंगराचा. दक्षिणेस कशेडी, पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी, महाडहून भोरकडे जाणारा वरंधा, या घाटांत माणसाच्या चुकीस जागाच ठेवलेली नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी मंडळी महाबळेश्वरास सहलीस निघाली असता त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस जण मृत्यू पावले, एकटा वाचला. ती दुर्घटना रागामुळे घडली असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. घाटात एक क्षण सुटला म्हणजे काय होते, एवढ्यासाठीच तिचे स्मरण केले. ज्या रस्त्यावर सावध मनुष्यासही क्षणाची सवलत मिळत नाही, तेथे मुद्दाम शर्यत लावणाऱ्यास काय म्हणावे ?

घाटासंबंधी एक जुना नियम आहे. रस्ता अपुरा असेल तेथे उतरणाऱ्या गाडीने कडेस थांबावे आणि चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी. कारण साधे आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलविणे कठीण, तेव्हा ज्याचे काम सोपे त्याने थांबावे. दुसराही नियम १९८९ सालापासून लिहिलेला आहे. आपल्या पुढे कोणी जाऊ लागला तर आपला वेग वाढवू नये, त्याची वाट अडवू नये. हा नियम किती जण पाळतात हे सांगावयास नकोच. बाजूची गाडी पुढे सरकली की आमच्या तरुणांचा पाय आपोआप खाली जातो !

रस्त्यावरचे भांडण कोठवर जाते, याची दोन उदाहरणे देतो. २०२४ च्या दसऱ्याच्या दिवशी मुंबईत मालाड येथे रिक्षा पुढे काढण्यावरून बोलाचाली झाली. माणसे जमली, आणि एका सत्तावीस वर्षांच्या तरुणास मरेपर्यंत मारहाण झाली. त्याची जन्मदाती त्यास वाचविण्यासाठी त्याच्या अंगावर आडवी पडली होती. दसरा म्हणजे आपण गाड्यांस झेंडूची माळ घालून पूजा करतो तो दिवस. दुसरे उदाहरण पतियाळा शहरातले. १९८८ च्या डिसेंबरात तेथे रस्त्यात वाट देण्यावरून तंटा झाला, त्यात एक वृद्ध गृहस्थ दगावले, आणि एका नामवंत क्रिकेटपटूस सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात एक वर्षाची सक्तमजुरी दिली. क्षणभराचा राग, आणि खटला ३३ वर्षांचा. सामान्य कुटुंबाने एवढ्या मुदतीत शेत तरी किती विकावे ?

म्हणून आमचे सांगणे असे, की उन्मत्त वाहनचालक भेटलाच तर त्यास जाऊ द्यावे. त्याच्याकडे रोखून पाहू नये, दिवे मारू नयेत, आणि गाडीतून उतरू तर मुळीच नये. तो पाठलाग करू लागल्यास घराकडे न वळता पोलीस चौकी, पेट्रोल पंप किंवा स्टँड अशा वर्दळीच्या जागी गाडी न्यावी. शेजारी बसलेल्याने क्रमांक टिपून ११२ वर कळवावे. गाडीस गाडी घासली तर जमावापुढे न्यायनिवाडा मांडण्याऐवजी छायाचित्र घ्यावे, विम्याची कागदपत्रे काढावी, आणि कोणी जखमी असल्यास सर्वांआधी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. गाडीतील मंडळींचेही एक कर्तव्य आहे. "अहो, तो बघा पुढे गेला !" असे मागच्या आसनावरून कोणी म्हणू नये. पुष्कळ शर्यती तेथूनच सुरू होतात.

आपण बसलो आहोत ते हे महाड गाव. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि ते तळे सार्वजनिक आहे हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ ज्या गावाने एवढ्या झगड्यानंतर शिकविला, त्या गावाच्या रस्त्यावर तरी मोठ्या गाडीवाल्याने लहान गाडीवाल्यास आणि सर्वांनी मिळून पायी चालणाऱ्यास हुसकावून लावणे शोभत नाही. रस्ता हे कोणाचे वतन नव्हे.

आता थोडे अप्रिय बोलतो. उन्मत्त चालक म्हटला की आपल्यापुढे परक्याचा मुलगा उभा राहतो. परंतु दहावीतल्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली कौतुकाने देणारे वडील आपल्याही ज्ञातीत आहेत, आणि "आमचा बाळ्या कशी पळवितो !" असे पाहुण्यांस सांगणाऱ्या आत्या-मावश्याही आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ असे आहे, की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून अपराध केल्यास पालक किंवा गाडीचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईतो परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जिवांचा अंत झाला, तेव्हा निबंध लिहिण्याच्या अटीवरून देशभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. पण त्याच आठवड्यात आपल्या अंगणातील गाडीची किल्ली कोणाच्या खिशात होती, हे किती पालकांनी पाहिले ?

महाडास कॉलेजात येणाऱ्या मुलांस वेळेवर एस्. टी. मिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि ती आम्ही डोळ्यांआड करीत नाही. गाड्यांच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळाव्यात यासाठी आगाराकडे अर्ज देण्याचे मंडळाने ठरविले असून त्याखाली पालकांच्या सह्या हव्या आहेत. तसेच गुणगौरव समारंभात अथवा लग्नात मोटारसायकल भेट देण्याची जी प्रथा पडत चालली आहे, ती अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या व परवाना नसलेल्या मुलांपुरती तरी बंद करावी, असा ठराव दुपारच्या बैठकीत येणार आहे. त्यावर विरोधी मत असणाऱ्यांनीही अवश्य बोलावे. अर्जाचा कागद चिटणीसांच्या मेजावर ठेवला आहे. भोजनास जाण्यापूर्वी सह्या व्हाव्यात, ही विनंती.