संस्था कशावर जगते?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू आयुष्यभर संस्थांचे हिशेब तपासलेस, तर माजी विद्यार्थी निधीबद्दल तूच बोल." जेवणानंतर त्या निधीचा ठराव येणार आहे. शाळेला नवी कमान बांधावी, असा प्रस्ताव आहे. त्यावर बोलण्याआधी मी तुम्हाला थोडं लांब नेणार आहे. विषय ऐकून काहींना नवल वाटेल. मला बोलायचं आहे ते ख्रिस्ती कॉलेजं आणि विद्यापीठं यांच्या जमाखर्चाबद्दल.

आपल्यापैकी बहुतेकांचा तो धर्म नाही, हे मला माहीत आहे. पण शिक्षणसंस्था चालवताना पैशाचं जेवढं म्हणून संकट येऊ शकतं, तेवढं या संस्थांनी गेल्या दोनशे वर्षांत पाहिलं आहे. आग लागली, पेढी बुडाली, मुलं शाळा सोडून गेली, देणगीदार रुसले. त्यातल्या काही अजून उभ्या आहेत. त्या कशा टिकल्या, हे आपल्या कामाचं आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा झाला तो १९९८ साली. मॅट्रिकनंतर ज्यांच्या घरी सोय होती ते अमरावतीला नाहीतर नागपूरला गेले. नागपूरला गेलेल्यांना हिस्लॉप कॉलेज ठाऊक आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ साली ते नागपुरात आले, पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना नाद होता. १८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं १८८३ साली, म्हणजे ते गेल्यावर वीस वर्षांनी. तेव्हा नागपूरला विद्यापीठ नव्हतं, म्हणून कॉलेज थेट कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं. संस्थापक गेल्यावर संस्था वाढली, ही गोष्ट आधी लक्षात ठेवा.

शेजारच्या यवतमाळातही असंच एक मोठं ठिकाण होतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी तिथे १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं होती, मग ती पुण्याला गेली. तिथे धर्मशास्त्राची पदवी मिळते ती श्रीरामपूरच्या सिनेटची. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे. हे बंगालमधलं, हुगळीच्या काठचं. आजची माझी मुख्य गोष्ट तिथली आहे.

सन १८०० मध्ये श्रीरामपूर डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे तिघे तिथे राहिले. केरी लहानपणी चांभारकाम शिकलेले, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातले. मराठी माणसाने केरींचं नाव विसरू नये. मराठीचं व्याकरण त्यांनी १८०५ साली छापलं आणि कोश १८१० साली. पंडित वैजनाथांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ साली त्याच श्रीरामपुरात छापली गेली. मराठीतली सुरुवातीची काही पुस्तकं छापली गेली ती महाराष्ट्राबाहेर, या छापखान्यात.

आता त्यांचा हिशेब बघा. तिघांनी ठरवलं होतं की कुणाची कमाई कुणाची नाही, सगळी एका थैलीत जाईल. केरींना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात आधी महिना ५०० आणि पुढे १००० रुपये पगार मिळे. तो त्या थैलीत. मार्शमन आणि त्यांच्या पत्नी हॅना यांनी निवासी शाळा चालवल्या. त्यांची फी त्या थैलीत. छापखान्याची कमाईही तिथेच. घरखर्चाला प्रत्येकाने थोडं उचलायचं. बाकीच्यातून गावोगावच्या शाळा, कागद, छपाई.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. हस्तलिखितं गेली, कागद जळाला, ठसे वितळले. सुदैवाने ठसे पाडायचे पोलादी साचे आणि यंत्रं वाचली. वितळलेलं शिसं गोळा करून त्यांनी पुन्हा ठसे ओतले. बातमी इंग्लंडला पोचली आणि दोन महिन्यांच्या आत नुकसान भरून निघेल एवढी वर्गणी जमली. ही वर्गणी दयेपोटी आली असं मला वाटत नाही. बारा वर्षं ही माणसं आपला पगार कुठे घालतात, हे लोकांनी पाहिलं होतं.

१८१८ साली त्यांनी कॉलेज काढलं. पहिल्या वर्षी विद्यार्थी ३७. त्यांतले निम्म्याच्या आसपास ख्रिस्ती नव्हते. संस्कृत शिकवायचं, पश्चिमेचं विज्ञानही शिकवायचं. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने सनद दिली आणि कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली १८५७ साली, त्याच्या तीस वर्षं आधी. १८३३ साली त्यांनी नियम लिहिले. शिकवणाऱ्यांवर श्रद्धेची अट घातली. शिकणाऱ्यांवर घातली नाही. जात, रंग, देश यांवरून कुणालाही प्रवेश नाकारायचा नाही, मग तो हिंदू असो की मुसलमान, असं त्यात स्पष्ट होतं. आपली श्रद्धा लपवायची नाही आणि दार बंद करायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर लिहून ठेवल्या.

पण हे नियम लिहिले त्याच सुमारास त्यांचा पैसा बुडत होता. १८३० साली कलकत्त्याची पामर आणि कंपनी ही बडी पेढी बसली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्यासारख्या आणखी पेढ्या गेल्या. श्रीरामपूरकरांनी शाळांसाठी ठेवलेले पैसे त्यांत अडकले. केरींचा पगारही त्याच काळात घटला. त्याआधी लंडनच्या मूळ मिशन सोसायटीशी मालमत्तेवरून त्यांचं बिनसलं होतं आणि १८२७ साली दोघे वेगळे झाले होते. सोसायटीचं म्हणणं, मालमत्तेवर ताबा आमचा. यांचं म्हणणं, ती आम्ही कमावली आणि विश्वस्त म्हणून सांभाळतो.

एक लेखापरीक्षक म्हणून मी हे वाचतो तेव्हा मला दोन गोष्टी दिसतात. या माणसांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही, म्हणून आग लागली तरी ते उभे राहिले. आणि जमवलेली ठेव त्यांनी खासगी पेढ्यांच्या भरवशावर ठेवली, म्हणून पेढी बुडाल्यावर ते अडकले. नुसत्या प्रामाणिकपणाने ठेव सांभाळली जात नाही. आपल्याकडे पतसंस्था बुडाल्यावर म्हाताऱ्या शिक्षकांनी घातलेल्या चकरा तुम्हीही पाहिल्या आहेत.

कॉलेज मेलं नाही. १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांना विकलं, पण करारात कॉलेजची सनद राखली. १८८३ साली पदवीचे वर्ग बंद पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी ती जुनी सनद पुन्हा कामाला लावली. १९१५ साली धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या आणि १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. पैसा संपला होता तेव्हासुद्धा सनद आणि नियम कागदावर जिवंत होते, म्हणून कुणाला तरी पुन्हा सुरुवात करता आली.

मुंबईच्या विल्सन कॉलेजची गोष्ट वेगळी आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ साली शाळा काढली. १८३९ साली तिथल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ माजली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी मुलं काढून घेतली. वर्ग ओस पडले. धर्मांतराबद्दल आपलं मत काहीही असो, आणि त्या आईबापांचा संताप मला समजतो, पण त्यातून शाळाचालकांना एक कळलं की श्रद्धेची किंमत पटावर मोजली जाते. चार वर्षांनी, १८४३ साली, स्कॉटलंडचं चर्च फुटलं. विल्सन नव्या, सरकारच्या आधाराशिवाय चालणाऱ्या चर्चबरोबर गेले. जुन्या चर्चची जागा त्यांना सोडावी लागली. पुन्हा पहिल्यापासून. गिरगाव चौपाटीसमोरची आज दिसते ती इमारत १८८९ सालची. तोवर विल्सन यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती.

आता आपल्या काळात या. महाराष्ट्रात आज नावानेच ख्रिस्ती असलेलं विद्यापीठ म्हणजे पुण्याचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ. १९१५ साली कोइमतूरला छोटी प्रशिक्षण शाळा म्हणून निघालं, १९४२ साली पुण्याला आलं, २०१४ साली राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झालं. हा पंथ शनिवार विश्रांतीचा पाळतो. दारू-तंबाखू वर्ज्य, आवारात जेवण शाकाहारी. पुणेकरांना स्पायसर माहीत आहे ते तिथल्या बेकरीच्या पावामुळे. ती बेकरी नुसता धंदा नव्हता. ज्या मुलाकडे फी नाही त्याने बेकरीत, शेतात, छापखान्यात काम करावं आणि शिकावं, ही तिथली जुनी रीत. हाताने काम करणं हा त्यांच्या श्रद्धेचाही भाग. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं तेही हेच. आपल्या जिल्ह्यात कारंज्याला समंतभद्र महाराजांनी जैन गुरुकुल काढलं. धर्म वेगळे, पण गरीब मुलाला दारातून परत पाठवायचं नाही हा विचार एक.

राज्यातल्या खासगी विद्यापीठांना सरकारी अनुदान मिळत नाही. कायद्याप्रमाणे त्यांना राखीव निधी ठेवावा लागतो आणि खर्च फीमधून भागवावा लागतो. खरी ओढाताण इथे असते. फी वाढवली तर ज्याच्यासाठी संस्था काढली तो मुलगा बाहेर राहतो. नाही वाढवली तर मास्तरांचा पगार राहतो. हेतू एकीकडे ओढतो, ताळेबंद दुसरीकडे. दोन्ही हातांत दोऱ्या धरून चालवणं म्हणजे संस्था चालवणं.

मित्रांनो, आता आपल्या शाळेकडे येतो.

आपल्या शाळेचा पट दर वर्षी कमी होतो आहे. ज्यांना परवडतं ते इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. जे उरतात त्यांतल्या कित्येकांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. मागे आजी असेल तर पोरगं शाळेत येतं. नसेल तर तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातं आणि फेब्रुवारीत हजेरीवर त्याच्या नावापुढे रेघ पडते. बाईंना विचारा, त्या नावं सांगतील.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. कमान नको. कमानीखालून जायला पोरं हवीत.

ठरावात चार कलमं घालावीत, अशी माझी सूचना आहे. पहिलं, जमणारी रक्कम संस्थेच्या खात्यात मिसळू नये. परिशिष्ट आठच्या ताळेबंदात ती 'कायम निधी' म्हणून वेगळी दिसली पाहिजे. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च फक्त व्याजातून. दुसरं, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ मध्ये सांगितलेल्या ठिकाणीच ठेव ठेवायची, आणि एका बँकेत सगळी नाही. कुणी दोन टक्के जास्त व्याज दाखवलं तर पामर कंपनी आठवावी. तिसरं, नेमणूक, प्रवेश किंवा नावाची पाटी अशा अटीवर दिलेली देणगी घ्यायची नाही, देणारा कितीही मोठा असो, आपल्यातला असो. चौथं, पहिल्या वर्षीचं व्याज डिसेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत मागे राहणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी वापरायचं. मुलगा कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे त्या अर्जात विचारायचं नाही.

आणि दर २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर निधीचा हिशेब फळ्यावर लिहायचा. जमा किती, व्याज किती, किती मुलं जेवली. गावातल्या कुणीही येऊन वाचावा.

हिशेब तपासायला मी दर वर्षी स्वतःच्या खर्चाने येईन. पावतीपुस्तक आणलं असेल तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा, आणि मग जेवायला बसू.