लिस्बनमधील नव्वद दिवस

(शाळेच्या हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



संयोजकांनी मला परदेशातील वास्तव्याविषयी बोलावे असे सुचवले, तेव्हा प्रथम मी संकोचले. शाळेच्या समारंभात परक्या गावाचे गोडवे कशाला गायचे? पण विचार करता लक्षात आले, की ज्या शहराने मला मोहिनी घातली, त्याच शहराने मला या शाळेकडे आणि माझ्या आईकडे नव्याने पाहायला लावले. म्हणून हे चार शब्द.

माझी कन्या नोकरीनिमित्त पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे राहते. निवृत्तीनंतर मी तिच्याकडे गेले. व्हिसा नव्वद दिवसांचा होता. मार्चच्या मध्यास उतरले आणि जूनमध्ये, रस्त्यांवर जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांचा सडा पडत असताना परतले.

लिस्बन हे चढउतारांचे गाव आहे. अरुंद गल्लीतून पिवळी ट्राम घरांच्या भिंतींना जवळजवळ खेटून वर चढते. पदपथ काळ्यापांढऱ्या लहान दगडांचे. पावसात त्यांवरून पाय हमखास घसरतो. भिंतींना निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशा, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, आणि कोणत्याही उंचवट्यावर उभे राहिले की खाली समुद्रासारखी रुंद होत गेलेली तेजू नदी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या दिवशी माणसे चर्चमध्ये जमलेली असताना येथे भीषण भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची लाट आली, आणि मग आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठची पेठ पुढे सरळ, काटकोनी रस्त्यांची नवी बांधली गेली. घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले, ते पुढच्या धक्क्यात इमारत तग धरावी म्हणून. कार्मू मठाचे छत मात्र पुन्हा घातले नाही. त्याच्या कमानींखाली उभे राहिले की डोक्यावर थेट आकाश असते. त्या मठासमोरच्या चौकात १९७४ साली तेथील हुकूमशाहीचा शेवट झाला. आजही २५ एप्रिलला हजारो माणसे हातात तांबडे कार्नेशन घेऊन रस्त्यावर उतरतात. त्यांच्यामधून चालताना माझ्याही हातात कोणी एक फूल दिले.

या गावावर माझा जीव जडला, हे सांगताना मनात एक अडखळ आहेच. वास्को द गामाच्या थडग्यासमोर मी उभी राहिले, तेव्हा याच शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकलेली चिमाजी अप्पांची १७३९ ची वसईची मोहीम आठवली आणि १९६१ साली मुक्त झालेला गोवाही आठवला. प्रेम करावे, पण हिशेब विसरू नये, असे मी स्वतःला बजावले.

आता खरी गोष्ट सांगते. पहिल्याच आठवड्यात मी आरोयुश भागातील गोल मंडईत एकटी गेले. कन्या कामावर गेली होती, आणि तेथील भाषेतला एकही शब्द मला येत नव्हता. पस्तीसहून अधिक वर्षे कचेरीत अधिकाराने बोललेली मी, एका भाजीवालीपुढे मुकी होऊन उभी होते. मागची माणसे खोळंबली होती. माझे कान तापले. मी बोट दाखवले आणि घाबरून तोंडातून आपला घरचा शब्द निघाला, "बटाटा."

"बटाटा!" ती म्हणाली, आणि पिशवी भरू लागली.

तिच्या उच्चारात टकार नव्हता, तकार होता. पण शब्द तोच होता. मला मात्र तेथे उभे राहवेना.

कारण तो शब्द मी पूर्वी एका दुसऱ्या बाजारात ऐकला होता. माझी आई रत्नागिरीहून लग्न होऊन या हैदराबादेत आली. भोवती दख्खनी उर्दू आणि तेलुगू. तिला दोन्ही परकी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बडी चावडीच्या बाजारात तिने बटाटे मागितले. भाजीवाला हसला. "बटाटा बोले तो क्या, अम्मा?" आजूबाजूचेही हसले. आणि मी, तिचा हात सोडून दोन पावले लांब उभी राहिले आणि म्हणाले, "आलू म्हण ना गं! तुला एवढंसुद्धा कसं येत नाही?"

आई काही बोलली नाही. त्यानंतर बाजारात गेलो की ती मला पुढे करी. मला त्याचा अभिमान वाटे. तिचा एक शब्द मी तिच्या तोंडून काढून घेतला आहे, हे मला लिस्बनच्या मंडईत, वयाच्या साठीत उमगले. तोवर आई हयात नव्हती.

पुढे मी तेथे परदेशी रहिवाशांसाठीच्या भाषावर्गात जाऊ लागले. शेजारच्या बाकांवर एक नेपाळी स्वयंपाकी, दुकानात काम करणारा बांगलादेशी तरुण आणि एक युक्रेनी गृहिणी. पहिला धडा आभारांचा. पुरुषाने "ओब्रिगादु" म्हणायचे, स्त्रीने "ओब्रिगादा". "मी जातो", "मी जाते" म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन उमजते. एके दिवशी शिक्षिकेने पोर्तुगीजशी जुळणारे आपापल्या भाषेतील शब्द विचारले. मी फळ्यापाशी गेले आणि लिहू लागले : चावी, पाव, बादली, घमेले, लिलाव, काडतूस, तुरुंग, नाताळ, कोबी, पगार. शिक्षिका एकेक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून पाहत होत्या. बटाटा हा तर मुळात कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, रताळ्यासाठीचा शब्द. तो स्पेन-पोर्तुगालमार्गे समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्याला लागला, आईच्या माहेरी रुळला आणि तिच्याबरोबर हैदराबादेत आला. येथे त्याला अडाणी ठरवले, ते मी.

पालकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. घराबाहेर तेलुगू आणि हिंदी, नोकरीला इंग्रजी. मग मराठी शाळा कशासाठी? पटसंख्या घटते आहे, हे आपण सारे पाहतो. इंग्रजीवाचून चालते असे मी म्हणणार नाही. माझे चालले नसते. मराठीत शिकल्याने मुले अधिक हुशार होतात असा दावाही मी करणार नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की या शहरात माझी आई ज्या एका जागी सबंध वाक्ये बोलत असे, ती जागा म्हणजे हे प्रांगण. पालकसभेत ती उभी राहून प्रश्न विचारी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती उखाणा घेई आणि बायका दाद देत. बाजारात माझ्यामागे उभी राहणारी आई येथे माझ्यापुढे चालत असे. शेजारच्यांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले, तरी तिने मला येथेच घातले. तिला काय हवे होते, हे आता कळते. आपली लेक मोठी झाल्यावर आपल्याशी दुभाष्याविना बोलावी, एवढेच.

माझ्या नातवाला मराठी समजते, पण तो उत्तर पोर्तुगीजमध्ये देतो. यात त्याचा दोष नाही. तेथे त्याच्यासाठी असे प्रांगण नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला मंडईत घेऊन गेले. मी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये भाजी मागितली, चुकले, आणि भाजीवाली हसली. तो माझ्याकडे पाहत होता. त्याने माझा हात सोडला नाही. आठ वर्षांच्या मला जे जमले नाही, ते त्याला जमले.

दर शनिवारी पहिली-दुसरीच्या वर्गांना गोष्टी सांगण्यासाठी येण्याची अनुमती मुख्याध्यापकांनी मला दिली आहे. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांनाही सोबत पाठवावे, ही विनंती. त्यांच्याजवळचे शब्द आमच्याजवळ नाहीत.

माझ्या सर्व गुरुजनांना वंदन करून, आणि ज्या आईने मला या दारापर्यंत बोट धरून आणले तिची उशिराने क्षमा मागून, मी थांबते.