छातीतली कळ म्हणजे दरवेळी पित्त नव्हे
(विश्रांतवाडी येथे महासंघाच्या मासिक बैठकीत एका आरोग्य सखीने केलेले भाषण)

आज हप्त्यांचा हिशोब लवकर उरकला, म्हणून अध्यक्षताईंकडून ही दहा मिनिटं मागून घेतली.

माझ्या सासूबाईंचंच सांगते. सकाळी भाकऱ्या थापताना त्यांचा जबडा दुखायला लागला, खांदे भरून आले, दरदरून घाम सुटला. छातीत म्हणाल तर फारशी कळ नव्हती. आम्ही म्हटलं पित्त असेल, रात्री वांगं खाल्लं होतं. लिंबू-सोडा दिला, पाठ चोळली. त्या म्हणाल्या, "पोरांचे डबे होऊ देत, मग बघू." दुपारी दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, तेव्हा कळलं हार्ट अटॅक आहे. जीव वाचला, पण आता अर्धा जिना चढला की खाली बसावं लागतं. ते सगळे तास मी घरातच होते, समोर. हे मला अजून टोचतं.

हृदयाला रक्त देणारी नळी गुठळीनं बंद झाली की पुढचा स्नायू मरायला लागतो. मेला तो परत येत नाही. छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटणं ही मोठी खूण. पण आपल्या बायकांत नुसता दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कारण नसताना गळून जाणं, असंही होतं. म्हणून तर ते पित्तावर जातं. शुगर असेल तर दुखणं फारसं जाणवतही नाही. आणि मिश्री लावणाऱ्यांनी हसू नका, तंबाखू तो तंबाखूच, तोही हृदयाला त्रास देतो.

आता दुसरं, ज्याला आपण 'वारं गेलं' म्हणतो, तो लकवा. वारं-बिरं काही नाही, मेंदूची नळी बंद होते नाहीतर फुटते. बाईला हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतं का बघा. दोन्ही हात वर धरायला लावा, एक खाली येतो का बघा. नाव विचारा, जीभ जड पडते का बघा. यातलं एक जरी दिसलं तरी पहिलं काम घड्याळ बघायचं. ती शेवटची धडधाकट कधी दिसली, ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच विचारतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे अशाच दवाखान्यात न्या. उशीर झाला म्हणून घरी मात्र ठेवू नका, काहींची गुठळी नंतरही तार घालून काढता येते.

तेलमालीश, कबुतराचं रक्त, अंगारा यांत वेळ घालवू नका. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, गिळता आलं नाही तर ठसका लागून श्वासनळीत जातं. आणि दहा मिनिटांत हात परत चालायला लागला तरी त्याच दिवशी दवाखाना. तो मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो.

दोन्ही वेळेला फोन 108. गाडी फुकट आहे. मालक घरी येईपर्यंत थांबू नका, त्यांना वाटेतून कळवा. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत आत्ताच ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी होते, तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, "आणि नुसतं पित्तच निघालं तर? लोक हसतील." हसू देत की. ईसीजी काढून बाई पायी घरी आली, तर त्या हसण्यात मीही सामील होईन. रात्री-अपरात्री पैसे लागले तर गटाच्या शिल्लकीतून लगेच द्यायचे, सह्या दुसऱ्या दिवशी. हा ठराव आज घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

(ठराव सर्वानुमते मंजूर झाला.)