पडद्यासमोर वीस मिनिटं

चित्रासमोर दोन मिनिटं थांबून पुढे सरकता येतं. व्हिडिओ आर्टचं तसं नाही. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी गॅलरीच्या अंधाऱ्या खोलीत शिरतात आणि पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कुठली? बहुतेक वेळा फिल्म चक्राकार चालू असते. मधूनच शिरायचं आणि तेच दृश्य परत येईपर्यंत बसायचं. भिंतीवरच्या पाटीवर कालावधी लिहिलेला असतो, तो आधी वाचावा.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना तर या माध्यमाचा वारसा घरचाच. व्हिडिओ कलाकार नलिनी मलानी इथल्याच विद्यार्थिनी. चित्रकार अकबर पदमसींनी 1969 साली मुंबईत चालवलेल्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे 1998 मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, लेखक मंटोंच्या फाळणीवरच्या कथेवरून त्यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ केलं. पत्र्याच्या ट्रंकांमध्ये बारा मॉनिटर, भोवती भिंतींवर प्रक्षेपणं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकाच साडीची घडी घालू पाहतात, मधे आपण प्रेक्षक उभे! फाळणीत घर सोडताना उचललेली ट्रंक इथे पडद्याची चौकट झाली आहे. यूट्यूबवर हे नुसतं दिसेल. त्या दोघींच्या मधे उभं राहणं गॅलरीतच जमतं.

म्हणून जाताना वही न्या. प्रोजेक्टर कुठे टांगलाय, शेजारच्या खोलीतला आवाज कितपत झिरपतोय, हेही टिपा. आणि हो, मोबाइल खिशातच असू द्या. त्याच्या उजेडाने शेजाऱ्याचा अंधार मोडतो.