थांबायची ताकद कोणाकडे?
(सातारा-सांगली जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीच्या पत्रकावर विषय छापला आहे कापसाची आयात-निर्यात, आणि आम्ही सुरुवात करणार आहोत मुंबईच्या गिरण्यांपासून. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या जुन्या माणसांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. घरातला एक भाऊ रब्बीची ज्वारी बघायचा, दुसरा परळ-लालबागला साच्यावर उभा राहायचा. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा. मनिऑर्डर आली की बियाणे, सावकार, बहिणीचे बाळंतपण अशी तिची वाटणी. पुस्तकात कामगार एका प्रकरणात असतो आणि शेतकरी दुसऱ्या. आपल्याकडे दोघे एका ताटात जेवत होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. पण खरा सल होता तो १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा. त्या कायद्याने बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. ती युनियन म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे. ज्याच्या मागे माणसे होती त्याच्याशी सरकार बोलायला तयार नव्हते आणि ज्याच्याशी बोलत होते त्याच्या मागे माणसे नव्हती.

कामगार गावी आला. त्याला पोसले कोणी? तुमच्या कणगीतल्या ज्वारीने. इतका लांब संप टिकला त्याचे श्रेय पुढाऱ्यांच्या भाषणांना देतात. आमच्या मते त्यातला मोठा वाटा भाकरीचा आहे. पण कणगीला तळ असतो. मालकाचे तसे नव्हते. त्याने कापड भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर विणून घेतले, आणि गिरणीखालची जमीन तर दरवर्षी महागच होत होती. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट खुली झाली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. साच्यावरचा भाऊ कायमचा बांधावर आला. पाच एकर कोरडवाहूवर एक घर चालत नव्हते, तिथे दोन झाली.

म्हणून आम्ही म्हणतो, भाव असो की पगार, ठरवतो तो ज्याला थांबता येते.

आता कापसाचे बघू. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी आली. कामगाराला बोलणारी युनियन एकच, शेतकऱ्याला घेणारा खरीददार एकच! शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी हद्दीवर अडवायची. एकाधिकार गेला, पण अडवणे गेले नाही. एप्रिल २०१० मध्ये रुईची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी. ओरड झाल्यावर आठवड्याभरात मागे घेतली. दरवेळी कारण एकच, कापडधंदा आणि त्यातल्या कामगाराचा रोजगार.

ऑगस्ट २०२५ मध्येही तेच. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले. तिरुपूरचा कपडा अडचणीत आला. दिल्लीने तोडगा काढला तो कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ करण्याचा. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी चालू असते तेव्हा.

हिशेब करा. एका शर्टाला वाया जाणारे धरून पावशेरापेक्षा थोडी जास्त, म्हणजे ३०० ग्रॅम रुई लागते. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर सुमारे ९०० ग्रॅम कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. त्या दराने शर्टातला कापूस झाला ७०-७२ रुपयांचा, सरकीसकट. क्विंटलमागे आपला भाव हजार रुपयांनी पाडला तर शर्टामागे वाचतात नऊ रुपये. पाचशे रुपयांच्या शर्टावर ५० टक्के शुल्क होते अडीचशे. अडीचशेच्या भोकाला नऊ रुपयांचे ठिगळ! आणि एकरी पाच क्विंटल पिकवणाऱ्याचे त्यात पाच हजार जातात. कामगाराचा रोजगार यातून कसा वाचतो, हे कोणी समजावून सांगितले तर आम्ही ऐकायला तयार आहोत.

परदेशातले शहाणपणही असेच. १९९६ ला सिंगापूरच्या परिषदेत श्रीमंत देश म्हणत होते, व्यापाराला कामगार-हक्कांची अट जोडा. आपल्याकडच्या कामगार संघटनांनीसुद्धा विरोध केला, कारण अटीच्या आडून दार बंद होणार हे त्यांना दिसत होते. तीच अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देत होती. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावून जिंकला, २०१४ ला ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. दावा ब्राझीलच्या सरकारने लावला होता, हे लक्षात ठेवा.

मग कामगार आपला वैरी का? मुळीच नाही. पाटण तालुक्यातून गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना बांधली, १९६९ चा कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरी मंडळात नोंद, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही. मालक एक नसणाऱ्यांची संघटना कशी बांधावी हे आपल्याला त्यांच्याकडून शिकायचे आहे. आणि कामगारांनाही आता गरज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली. अनेक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के सभासदांची अट आहे, आणि ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला परवानगी लागत नाही.

तेव्हा ठराव दोन आहेत. ऑक्टोबर ते मार्च आयातशुल्कात बदल करू नये, हा पहिला. दुसरा, प्रत्येक तालुक्यातल्या पाच जणांनी विट्याच्या यंत्रमागवाल्यांकडे आणि बाजार समितीतल्या हमालांकडे शर्टाचा हा हिशेब घेऊन जावे. ज्वारी, हळद असणाऱ्यांनी शेतमाल तारण कर्जाची चौकशी उद्याच करावी. गोदामातल्या मालावर पाऊण किमतीपर्यंत उचल मिळते. नावे टेबलावर द्या, चहा तिथेच आहे.